अब्बांचे वय

अब्बांना निवृत्ती अशी कधी मिळालीच नाही. शिलाई मशीनला निवृत्तीचे वय नसते. मला नोकरी लागली, घरात पगार येऊ लागला, तरी "मशीन बंद करा तो मैं बी बंद होता," म्हणत ते पायडल मारीत राहिले. 2025 च्या उन्हाळ्यात जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा कुठे थांबले. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली.

केंद्र सरकारने 29 ऑक्टोबर 2024 रोजी आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना खुली केली. उत्पन्नाची अट नाही. रुग्णालयात दाखल झाल्यावर कुटुंबातील सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचा उपचार मोफत. आधार असले की वय वंदना कार्ड निघते. मी सुटी टाकून अब्बांना सेवा केंद्रात नेले. मुलाने नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, चाचांचं वय अडुसष्टच आहे."

दादी सांगायची, 1948 च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा अब्बा तिच्या कडेवर होते. रात्री गाव सोडताना पोर रडू नये म्हणून तिने त्यांच्या तोंडावर पदर धरला होता. म्हणजे अब्बा सत्त्याहत्तरच्या आसपास. मग आधारवर 1957 कुठून आले?

माझ्याच हातून आले. 2012 साली अर्ज मीच भरला. तेव्हा मी बी.एड.ला होते. "अब्बा, उमर क्या लिखूँ?" मी विचारले. मशीनवरून मान वर न करता ते म्हणाले, "लिख दे पचपन." मी लिहिले. दादीची गोष्ट मला तोंडपाठ होती. हिशेबाला एक मिनिटही लागले नसते. तो मी केला नाही. घरात शिकलेली मी एकटी होते.

आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि तिला पुरावा लागतो. अब्बांची जन्मनोंद नाही. ते मशिदीत कुराण शिकले, शाळेत गेलेच नाहीत. केंद्रातला एक जण हळूच म्हणाला, "जुना दाखला करून मिळेल." खोटे कशाला सांगू, मी हो म्हणणारच होते. अब्बा उठले. "जिस इस्कूल में गयाच नै, उसका दाखला कैसा, बेटा?"

त्या रात्री मला झोप नव्हती. सकाळी रुग्णालयात आरोग्यमित्राने वय विचारलेच नाही, रेशनकार्ड मागितले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जुलै 2024 पासून कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. हे मला, एका शिक्षिकेला, ठाऊक नव्हते. तिथेही अडचण आलीच: आधारवर 'शेख' नावाच्या पुढे, रेशनकार्डावर मागे. कागद जुळवण्यात आठवडा गेला. तो आठवडा अब्बा उशीला टेकून बसून झोपत होते. अल्लाहच्या कृपेने निभावले.

शाळेत परतल्यावर मी जुने जनरल रजिस्टर उघडले. पानामागून पान जन्मतारीख 1 जून. आईने "आंबे निघाले होते", "रमजानचा महिना होता" असे सांगितले असेल, आणि आमच्यातल्याच कुणी प्रवेशाला सोयीची तारीख लिहून टाकली असेल. त्या मुलांपैकी कुणीतरी उद्या अशाच खिडकीसमोर उभा राहील.

आता प्रवेशाच्या वेळी मी घाई करीत नाही. जन्मदाखला मागते, नाव आईवडिलांच्या कागदांशी अक्षरन् अक्षर ताडून पाहते. वाचकांनाही एवढेच सांगणे: घरातल्या म्हाताऱ्यांचे आधार आणि रेशनकार्ड आज शेजारी शेजारी ठेवून पाहा. दवाखान्याच्या दारात पाहायला वेळ नसतो.

अब्बा अजून कागदावर सत्तरीचे झालेले नाहीत. ते हसतात. "तेरे मेहेरबानी से जवान हूँ," म्हणतात. मला मात्र हसू येत नाही.