२१५० आला की

शिरवण्याच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची बिलिंग सॉफ्टवेअरं मी सांभाळतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस पाच कोटींच्या उलाढालीपर्यंत खाली आलं आणि माझी बहुतेक गिऱ्हाइकं त्यात सापडली. बिलं सरकारी पोर्टलवर पाठवण्याचा कोड यंदा हाताखालच्या मुलीकडे दिला, तेव्हापासून मी जरा अस्वस्थ आहे.

जेसन बांधण्यात काही नाही. पिनकोड आकडा, राज्याचा २७ मात्र अवतरणात, हे अंगवळणी पडतं. मला छळतो तो टाइमआउट. बिल वाटेतच राहिलं, की नोंदलं गेलं आणि परतताना उत्तर हरवलं? आमच्या बाजूने दोन्ही सारखंच दिसतं. गेटवर टेम्पो भरलेला, क्यूआरशिवाय बिल छापता येत नाही आणि मालक विचारतो, ‘गेलं का?’

अशा वेळी काही जण पुढचा नंबर टाकून नवं बिल पाठवतात. टेम्पो सुटतो, माल एक, बिलं दोन. चोवीस तासांत एक रद्द केलं नाही तर क्रेडिट नोटची भानगड. याला ‘ऑटो रिट्राय’ म्हणून वर पैसे लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तेच बिल, त्याच नंबराने पुन्हा पाठवायचं. आयआरएन हा बिलाचा ओळख क्रमांक, म्हणजे विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर यांचा एसएचए-२५६ हॅश. कितीदाही काढा, तोच. म्हणून २१५० हा एरर, म्हणजे ‘डुप्लिकेट आयआरएन’, आला की माझा जीव भांड्यात पडतो. जुना आयआरएनही उत्तरातच मिळतो.

पण पूर्ण नाही पडत. त्या हॅशमध्ये रक्कम नाही, गिऱ्हाईकही नाही. दोन कॉम्प्युटरवर दोघांनी एकच नंबर टाकला, तरी २१५०च येणार. म्हणून नोंदलेलं बिल परत मागवायचं, खरेदीदार आणि एकूण रक्कम ताडून बघायची, मगच छापायचं. ‘काका, अति करता,’ असं म्हणत तिने ते लिहिलं. माझ्यापेक्षा सुटसुटीत लिहिलं.

आता मालकांचे फोन येत नाहीत. महिनाअखेरीला ‘साहेब, तुम्हीच बघा’ ऐकायची मला चटक लागली होती. परवा तिच्या कोडमध्ये खोट काढायला मुद्दाम बसलो. सापडेना, तेव्हा एका व्हेरिएबलच्या नावावरून बोललो.