जॅक्सन सेंटर : चंदेरी फिरत्या घरांचे गाव

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या पश्चिम भागात, मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांमध्ये जॅक्सन सेंटर नावाचे छोटेसे गाव आहे. लोकवस्ती सुमारे दीड हजार. तथापि दूरदूरच्या राज्यांतून मोटारीमागे जोडलेली चंदेरी फिरती घरे या गावाची वाट धरतात. कारण ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलरचा कारखाना १९५२ पासून येथे आहे.

या घरांचा जनक वॉली बायम. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने हा व्यवसाय मांडला. १९३६ मधील त्याच्या ‘क्लिपर’ने विमानबांधणीची रीत रस्त्यावर आणली : ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, गोलाई दिलेले कोपरे आणि पत्रे सांधणारी असंख्य रिव्हेट. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांसाठी राखले गेले आणि हे काम थांबले. युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले. १९५९ मध्ये बायम ४१ ट्रेलरांचा तांडा घेऊन केपटाउनहून कैरोकडे निघाला.

त्या काळातील अनेक ट्रेलर आजही वापरात आहेत. असा एखादा जुना ट्रेलर विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणणे, हा तेथील कित्येक निवृत्तांचा छंद आहे. जॅक्सन सेंटरला आलेला प्रवासी कारखाना पाहतो, २०२२ मध्ये उघडलेले संग्रहालय पाहतो. पण दुरुस्ती विभागाजवळचे मैदान अधिक बोलके आहे. पाळीची वाट पाहणारे मालक तेथे आपापल्या ट्रेलरमध्येच मुक्काम करतात.

जुना ट्रेलर घेणाऱ्याला प्रथम भुरळ पडते ती चकाकीची. खरा रोग मात्र पायाखाली असतो. खिडक्यांच्या आणि छतावरील झडपांच्या सांध्यांतून पाणी झिरपते, भिंतीच्या आतून उतरते आणि प्लायवूडच्या जमिनीत मुरते. मागचे कोपरे बहुधा आधी कुजतात. या बांधणीत पत्रा, जमीन आणि खालचा पोलादी सांगाडा मिळून भार पेलतात; म्हणून कुजलेली जमीन म्हणजे केवळ फरशीचा दोष नव्हे, घराचा पायाच खचलेला असतो. जाणता ग्राहक सौदा ठरण्यापूर्वी गुडघे टेकतो आणि कोपऱ्यात टोच्या दाबून पाहतो.

दोष खोल असेल, तर आतले पत्रे उतरवून संपूर्ण कवच सांगाड्यावरून उचलावे लागते. गंज काढून सांगाडा रंगवायचा, नवी जमीन बसवायची, मग कवच पुन्हा जागेवर आणायचे. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात थेट भिडू द्यायचे नाहीत; अन्यथा ॲल्युमिनियम झिजू लागते.

यातील रिव्हेट ठोकण्याचे काम पाहण्यासारखे असते. पारंपरिक रिव्हेटला दोन माणसे लागतात. एक जण बाहेरून यंत्राने ठोके देतो, दुसरा आत पोलादी ठोकळा घट्ट धरून बसतो. मध्ये पत्रा; एकमेकांचा चेहरा दिसत नाही. ठोकळा निसटला तर पत्र्याला कायमचा पोचा पडतो. बाहेर पती आणि आत पत्नी, किंवा उलट, असे काम चालते, तेव्हा चाळीस वर्षांच्या संसारातही न लागलेली एक नवी सवय लागते : हाकेला ओ आल्याखेरीज पुढचा ठोका द्यायचा नाही.

ब्रेक, टायर, विजेच्या तारा आणि गॅसची नळी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. घासूनपुसून चकाकी आणणे सर्वांत शेवटी.

जमाखर्च मात्र आरंभीच मांडावा. खरेदीची किंमत हा पहिला आकडा, शेवटचा नव्हे. अनेकदा दुरुस्तीचा खर्च धरता एकूण रक्कम बाजारभावापेक्षा वर जाते. त्यामुळे याला गुंतवणूक समजणे चूक. हा हौसेचा खर्च आहे आणि त्याची मर्यादा आधी ठरवलेली बरी. उपजीविकेच्या मुद्दलाला हात लावून केलेली हौस पुढे जड जाते.

आणखी एक भांडवल खातेवहीत लिहिले जात नाही : प्रवास झेपेल अशी वर्षे. परिपूर्णतेच्या नादात काम लांबत जाते, आणि घर तयार होते तेव्हा ते ओढून नेणारे हात थकलेले असतात. मैदानातील काही ट्रेलरांवर जुने पोचे तसेच आहेत. त्यांच्या मालकांनी जमीन पक्की केली, छत गळत नाही याची खात्री केली, आणि ते वाटेला लागले.