गवतावरचं दव



पौषात मुनिसुव्रतनाथ भगवंतांच्या दर्शनाला पैठणला गेलो होतो. मुक्काम गावाबाहेरच्या एका हॉटेलात. सकाळी लॉनवर योगवर्ग असायचा. सूनबाईने हौसेने माझंही नाव दिलं.

पाहते तर गवत दवाने चिंब! हिरवं गवत वनस्पतिकाय, दवाचा थेंब अप्काय. माझं पाऊलच उचलेना. सगळ्यांसमोर म्हणाले, “मी नाही यायची. तुलाही कळायला हवं होतं.” तिचा चेहरा उतरला. ती एकटीच चटई घेऊन गेली.

मी कडेच्या कोरड्या फरशीवर कायोत्सर्गात उभी राहिले. हात सैल, २७ श्वासांत ९ वेळा णमोकार. पण मन लागेना. गवताचा जीव जपला आणि लेकीसारख्या सुनेचं मन दुखावलं. ही हिंसा नाही का?

नंतर मंदिरात, भगवंतांच्या वालुकामय मूर्तीसमोर तिला हळूच म्हटलं, “चुकलं गं माझं.”

ती हसली. “आई, सकाळी तुम्ही उभ्या होतात ते मला शिकवा ना.”

आता रोज सकाळी गच्चीवर आम्ही दोघी. आधी तिची आसनं, मग माझा कायोत्सर्ग. फरशी मात्र पूंजून घेते हं, तीच!