बैठक

चैत्रात पहाटे अहेरीकडच्या रानात मोहफुलं पडतात. अंधार पुरता विरायच्या आत माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. मोह उभ्यानं वेचता येत नाही. दोन पायांवर बसायचं, एकेक फूल उचलायचं आणि बसल्याबसल्याच पुढं सरकायचं. आमच्या मैदानावर विकेटकीपिंग करणारा पोरगा ही बैठक घरूनच घेऊन आला आहे. सागाच्या तीन काठ्या रोवलेल्या, त्यांच्यामागे तो. हातातल्या एका ग्लोव्हचा अंगठा सुतळीनं शिवलेला. परवा तो रुसला होता. "सर, मले बी बॉल टाकाचा हाये." सर काही न बोलता त्याच्याशेजारी उकिडवे बसले. म्हणाले, "बाबू, इथं बसून पाय. उभ्यानं जे दिसत नाही, ते बसल्यानं दिसते."

मला चंद्रकांत पंडित आठवले.

पंडित मुंबईचे, रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले यष्टिरक्षक-फलंदाज. १९८६ मध्ये लीड्सला त्यांनी कसोटीत पाऊल ठेवलं. त्या काळी भारताच्या यष्टींमागे बहुतेकदा किरण मोरे असत. पंडितांच्या वाट्याला पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. खुद्द आचरेकर सरांच्या नावावर तर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. थोडं खेळायला मिळालेल्या माणसांच्या हातून केवढं खेळणं घडून गेलं!

यष्टिरक्षकाचं काम मला नेहमी तपासारखं वाटतं. दिवसाची ९० षटकं म्हणजे ५४० चेंडू. तेवढ्या वेळा बसायचं, तेवढ्या वेळा उठायचं. झेल घेतला तर कामच केलं, सुटला तर साऱ्या मैदानाच्या डोळ्यांवर येतो. पण गोलंदाजाचं मनगट, फलंदाजाचा बिचकलेला पाय, कर्णधाराची चलबिचल हे सगळं समोरून दिसतं ते त्यालाच. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये कॅचर असाच फलंदाजामागे बसतो. न्यूयॉर्क यँकीजचा थोर कॅचर योगी बेरा १९६४ मध्ये त्याच संघाचा मॅनेजर झाला. हाताची घडी घालून, मांडी ठोकून बसायची त्याची सवय पाहून मित्राला सिनेमात पाहिलेला भारतातला योगी आठवला आणि ते नाव पडलं, असं सांगतात. गाण्यात, कुस्तीत आपण ज्याला बैठक म्हणतो, ती त्या दूरदेशीच्या खेळातही ओळखली गेली.

पंडितांची बैठक मोडायचा एक दिवस १९९९ मध्ये आला होता. बेंगळुरूचं चिन्नास्वामी मैदान, रणजीचा अंतिम सामना, आणि ते मध्य प्रदेशचे कर्णधार. पहिल्या डावात आघाडी मिळूनही कर्नाटकानं सामना नेला. ते शल्य त्यांनी मनात ठेवलं आणि दुसऱ्यांना घडवायला बसले. प्रशिक्षक म्हणून मुंबईला तीनदा रणजी जिंकून दिली. मग आमच्याकडे आले.

आमच्याकडे म्हणजे विदर्भाकडे. अहेरीहून नागपूर गाठायला एसटीत दिवसाचा मोठा भाग जातो. तरी विदर्भ हा शब्द आमचाच. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या या संघानं साठ वर्षांत अंतिम फेरी पाहिली नव्हती. पंडितांची शिस्त कडक. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात रजनीश गुरबानीनं सामन्यात बारा बळी घेतले आणि कर्नाटक अवघ्या पाच धावांनी हरलं. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्यानं दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक केली. १ जानेवारी २०१८ ला कर्णधार फैज फजलच्या हाती करंडक आला, तेव्हा आमच्या गल्लीत एका मोबाइलभोवती वीस डोकी होती. पुढच्या वर्षी नागपुरात पुन्हा विदर्भच.

आणि मग २६ जून २०२२. तेच चिन्नास्वामी, तोच मध्य प्रदेश, समोर मुंबई. या वेळी पंडित मध्य प्रदेशचे प्रशिक्षक म्हणून सीमारेषेबाहेर होते, हातात ना बॅट ना ग्लोव्हज. विजयाची धाव निघाली आणि इतका कडक माणूस लहान मुलासारखा रडला. तेवीस वर्षांपूर्वीचा त्यांचा डाव त्यांना कुणी परत दिला नव्हता. तो त्यांनी कर्णधार आदित्य श्रीवास्तवच्या पोरांना जिंकून दिला होता. वाटतं, एवढी वर्षं न उठता बसून राहायचं बळ त्या उकिडव्या बैठकीनंच दिलं असेल.

काल संध्याकाळी पुन्हा मैदानावर गेलो. उन्हं सागांच्या शेंड्यांवर गेली होती. सर दूर, कडेला बसलेले. पोरगा यष्टींमागे खाली बसला, फलंदाजाच्या पायांकडे टक लावून पाहत राहिला. मग उठला, धावत गोलंदाजाकडे गेला आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "त्याचा पाय मांगंच रायते. समोर टाक."

परत येऊन तो बसला.