फोटोतला निंब

मैत्रिणींनो, खरं सांगते, आमच्या दारासमोरचा निंब मला कधी आवडलाच नव्हता. लग्न होऊन बाळापुरात आले तेव्हापासून त्याचा पाला मी झाडते आहे. चैत्रात फुलोरा गळतो, आषाढात पिकल्या निंबोळ्यांचा चिखल होतो, वाळवण घालावं तर कुरडयांत काड्या. "एकदाचा तोडा हो हा," असं ह्यांना किती वेळा म्हटलं असेल! आणि या वर्षी रस्ता रुंद करायचा म्हणून बुंध्यावर लाल रंगाचा आकडा पडला, तेव्हा पहिली मीच रडकुंडीला आले.

वऱ्हाडातला उन्हाळा काय असतो, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. अकोल्याचा पारा 45च्या पुढे गेला, ही आता बातमीसुद्धा राहिली नाही. किल्ल्याकडून येणारा वारा दुपारी तोंड भाजून काढतो. त्या वेळी सबंध रस्त्यावर सावली ती एवढीच. भाजीवाली मावशी तिथंच बसते. तिला आकडा दाखवला तर म्हणाली, "मी बसीन वं माय दुसरीकडे. पन दुसरीकडे झाड कुठी हाय?"

माझी भाची वकिलीच्या वर्गाला आहे. तिनं सांगितलं, शहरातली झाडं राखण्यासाठी 1975 पासून कायदा आहे. तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि झाडावर नोटीस लावावी लागते, कुणालाही हरकत घेता येते. 2021 च्या दुरुस्तीनं तर 50 वर्षं नि त्यावरचं झाड 'हेरिटेज' ठरतं, आणि ते तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. पण हरकत वेळेवर घ्यायला हवी हो! मुंबईच्या आरे कॉलनीत 2019 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर 2,000 च्या वर झाडं आडवी झाली होती. उलट सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे 400 वर्षांचा वड लोकांनी वेळीच हट्ट धरला म्हणून 2020 मध्ये वाचला. महामार्गाच्या आराखड्यातच बदल केला.

आता आमच्या झाडाचं वय सांगणार कोण? तेव्हा सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या फोटोत आहे की तो." ट्रंकेतला अल्बम काढला. 1969 सालचा फोटो. मुंडावळ्या बांधलेल्या सासूबाई, शेजारी मामंजी, आणि मागे तोच निंब, तेव्हाच चांगला घराएवढा!

मग सह्यांसाठी दारोदार फिरले. बायका पटकन सह्या करतात असं समजू नका. "आधी ह्यांना विचारते," हेच जास्त. कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या वहिनींनी तर सरळ नाही म्हटलं. "गेल्या पावसाळ्यात माझ्या जावेला दवाखान्यात नेताना रिक्षा इथंच अडकली होती," म्हणाल्या. त्यांचंही खोटं नाही. रस्ता मलाही हवाच आहे. म्हणून अर्जात एवढंच लिहिलं की, नाली समोरच्या बाजूनं घ्या, चार हात जागा निघते. आमचे हे आधी "कचेरीत जाऊन हसं करून घेशील" म्हणत होते. पण टेप घेऊन रस्ता मोजला तो त्यांनीच.

सुनावणीला सासूबाई हट्टानं आल्या. साहेबांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "ही नवरी कोण?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या.

साहेब हसले, फोटो फायलीला लावून घेतला. निकाल अजून यायचा आहे. सासूबाई रोज सकाळी विचारतात, "माझा फोटो आणलास का गं?" त्यांच्या लग्नाचा तेवढा एकच आहे. मी नुसतं "आणते" म्हणते, नि झाडू घेऊन पाला काढायला बाहेर जाते.