गोणीमागचा डोंगर

काष्ठौषधींच्या पेढीवर जटामांसी गोणीतून उतरते. केसाळ, तपकिरी, उग्र वासाची. दिवाळीच्या उटण्यासाठी व केशतेलासाठी तिला मागणी असते. वास आणि वजन पाहून सौदा होतो. गोणीमागचा डोंगर कोणी पाहत नाही.

ही वनस्पती हिमालयात सुमारे ३००० ते ५००० मीटर उंचीवर उगवते. औषधी भाग जमिनीखालचा, म्हणून काढणी म्हणजे समूळ उपटणेच. तेथील थंडीत वाढ इतकी मंद की खणलेली जागा भरून यायला वर्षे लागतात. बी पावसाळा सरताना पिकते. परंतु दुसऱ्याने आधी नेऊ नये या धास्तीने ती पिकण्यापूर्वीच कुदळ चालते. खणणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. नेपाळच्या उंच खेड्यांत रोख पैशाचे मार्ग थोडे, आणि तेथील बराच माल भारतातच येतो. १९९७ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आहे. तरीही आज ती अतिसंकटग्रस्त गणली जाते.

श्रावकाच्या ताटात कंदमूळ वर्ज्य. पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, भूमी खोदण्याचे स्फोटकर्मही आहे. कुदळ दुसऱ्याच्या हाती असली, तरी कारित आणि अनुमोदित यांचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

खरेदीच्या वेळी भावाबरोबर परवाना आणि काढणीचा महिना विचारता येतो. बी गळल्यानंतर काढलेला माल महाग पडेल, उशिरा येईल; उटण्याचा हंगाम कदाचित चुकेलही.