पावसात गाडीचा एसी कशाला?



बाष्पीभवन आणि सांद्रीभवन आपण सगळेच शिकवतो. गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवतो, बाहेरून थेंब जमतात, मुलं वहीत लिहितात आणि पाठ संपतो. यंदा हाच भाग चालू असताना वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, पावसात थंडी वाजत असली तरी माझे पप्पा गाडीत एसी लावतात. कशाला?" त्याचे वडील कर्जत स्टेशनवरून पाहुण्यांना फार्महाऊसवर सोडायची गाडी चालवतात.

मला हा प्रश्न फार आवडला. त्याच्या उत्तरात अख्खा पाठ आहे. शिवाय आपल्या भागात हे उत्तर जिवाच्या कामाचं आहे. जुलैमध्ये खोपोलीहून बोरघाट चढणं किंवा नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत जाणं म्हणजे ढगातून गाडी चालवणं. तिथल्या वळणावर समोरची काच धुरकट झाली, तर चालकाला विचार करायला वेळ नसतो. कोणतं बटण का फिरवायचं, हे आधीच माहीत हवं.

डॅशबोर्डच्या मागे काय असतं?

ऑटोमॅटिक नसलेल्या साध्या गाडीत साधारण पाच गोष्टी हाताने चालवायच्या असतात: पंख्याचा वेग, निळा-लाल नॉब, हवेची दिशा, आतली की बाहेरची हवा घ्यायची ते ठरवणारी पट्टी आणि एसीचं बटण.

पंखा हवा ढकलतो. ती हवा आधी एका गार जाळीतून जाते. या जाळीच्या नळ्यांमध्ये एक द्रव असतो. त्याची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. इंजेक्शनच्या आधी हाताला स्पिरिट लावलं की गार वाटतं ना, तसंच. मग इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, ती तापते, गाडीच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या जाळीत उष्णता बाहेर सोडते आणि पुन्हा द्रव होते. हे चक्र सतत चालू राहतं. एसीचं बटण दाबणं म्हणजे हे चक्र सुरू करणं.

गार जाळीच्या पुढे हीटरची जाळी असते. तिच्यातून इंजिनचं गरम पाणी फिरतं. ही उष्णता नाहीतरी वायाच जाणार असते. निळा-लाल नॉब फिरवला की आत एक झडप हलते आणि किती हवा या गरम जाळीवरून जाईल ते ठरतं. या नॉबला अंश-बिंश काही कळत नाही. तो फक्त गार आणि गरम हवेचं मिश्रण बदलतो, आपण बादलीत गरम पाण्यात गार पाणी घालतो तसं. ऑटोमॅटिक गाडीत हे काम सेन्सर करतो. इथे सेन्सर म्हणजे आपली कातडी.

एसी हवा सुकवतो

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. दमट हवा गार जाळीला लागली की तिच्यातलं पाणी जाळीवर जमतं, अगदी आपल्या पेल्यासारखं. ते नळीवाटे गाडीखाली ठिबकतं. म्हणजे जाळीच्या नळ्यांच्या आत बाष्पीभवन आणि बाहेर सांद्रीभवन, दोन्ही एकाच वेळी! पुढे जाणारी हवा कोरडी झालेली असते.

विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियरने १९०२ साली आधुनिक वातानुकूलन यंत्राचा आराखडा केला, तोही माणसांना गारवा मिळावा म्हणून नाही. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांची छपाई सरकायची. हवेतला दमटपणा आवरण्यासाठी ते यंत्र होतं. गाडीतला एसी पावसाळ्यात आपल्यासाठी तेच करतो.

काच धुरकट झाली तर

आधी वायपर फिरवून बघा.

वायपरने काच साफ होत नसेल, तर वाफ आतून धरली आहे. ओले कपडे, छत्र्या आणि सगळ्यांचे श्वास यांतून ती येते. एसी चालू करा, पट्टी बाहेरच्या हवेवर ठेवा, हवेची दिशा काचेकडे करा, पंखा वाढवा. थंडी वाजत असेल तर नॉब लाल बाजूला न्या, पण एसी बंद करू नका. कोरडी आणि उबदार हवा काचेवरचं पाणी पटकन उचलते.

वायपरने काच साफ झाली आणि पुन्हा धुरकटली, तर वाफ बाहेरून आहे. एसीच्या वाऱ्याने काच फार गार झाली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमली. इथे उपाय उलटा असतो. गार हवा काचेवरून हटवा आणि नॉब थोडा लालकडे न्या.

मुलांना ने-आण करणाऱ्या गाड्यांसाठी एक सांगते. गाडी भरलेली असताना पट्टी सारखी आतल्या हवेवर नको. तीच ती श्वासाची हवा फिरत राहते, काच धुरकटते आणि चालकालाही जडपणा येतो. उन्हाळ्यात गाडी लवकर गार करायला आतली हवा चांगली, पण मधूनमधून बाहेरची घ्यावी.

आणि उभ्या, बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंही एकटं ठेवू नका. बाहेर ३५ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पन्नाशी गाठली जाते. काच दोन बोटं खाली ठेवूनही फारसा फरक पडत नाही.

वर्गात काय करता येईल?

मुलाच्या वडिलांना विनंती केली, ते गाडी शाळेच्या मैदानात घेऊन आले. एसी चालू केला आणि इंजिन बंद झाल्यावर, मोठ्यांच्या देखरेखीत, गाडीखाली ठिबकणारं पाणी मुलांना दाखवलं. "पाऊस नाही, तरी पाणी कुठून आलं?" एवढंच विचारलं. टाकी फुटली, इथपासून उत्तरं सुरू झाली. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, हे आपल्या श्वासातलं आणि हवेतलं पाणी आहे." पुस्तकातली व्याख्या नंतर सांगितली, तेव्हा ती कुणाला पाठ करावी लागली नाही.

गाडी नसेल तरी अडत नाही. आरशाच्या दोन तुकड्यांवर फुंकर मारायची, एक सुक्या वाऱ्यात धरायचा, एक तसाच ठेवायचा. कोणता आधी स्वच्छ होतो, ते मुलांनी मोजून लिहायचं. आरशाच्या कडांना चिकटपट्टी लावायला विसरू नका.

पालकहो, पुढच्या वेळी घाटात निघण्याआधी, गाडी उभी असतानाच, हे नॉब मुलांना फिरवू द्या आणि कारण त्यांनाच विचारा. समोरचा माणूस गाडी चालवत असताना शेजारी बसलेल्या मुलाला योग्य बटण माहीत असणं, हाही अभ्यासच आहे.